वडिलांची उचल आणि मुलाची पहिली नोकरी

वाचकाचे पत्र, ओळख लपवून आणि थोडक्यात: लातूर जिल्ह्यातील एका खेड्यातून सतरा वर्षांच्या मुलाने लिहिले आहे. वाणिज्य शाखेतून बारावीची परीक्षा दिल्यावर मार्चअखेरीस तो जवळच्या बाजारपेठेत एका आडत दुकानावर, म्हणजे शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या दुकानावर, कामाला लागला. आधी झाडलोट, चहा आणणे, बारदाना (रिकामी पोती) मोजून ठेवणे अशी कामे होती. महिनाभरात मुनिमांनी काट्याच्या नोंदी आणि पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) लिहिण्याचे काम त्याच्याकडे दिले. पगार महिना ६,००० रुपये, वेळ सकाळी नऊ ते रात्री नऊ. एकदा गल्ल्यात १,५०० रुपये कमी भरले. चूक कोणाची ते कळले नाही, पण पैसे त्याच्या पगारातून कापले गेले. एकदा एका वयस्कर शेतकऱ्याने "काय लिहिलंय ते वाच रे बाबा" म्हटल्यावर त्याने पट्टी वाचून दाखवली, तेव्हा दर कट्ट्यामागे (पोत्यामागे) धरलेला कडता, म्हणजे वजनातली जादा वजावट, शेतकऱ्याच्या ध्यानात आला आणि वाद झाला. नंतर मुनिमांनी बजावले की पट्टी हातात द्यायची असते, वाचून दाखवायची नसते. आता बारावीचा निकाल लागला आहे, ६८ टक्के गुण आहेत आणि मालक त्याला ९,००० रुपयांवर कायम ठेवायला तयार आहेत. वडिलांनी याच दुकानातून बियाण्या-खतासाठी ४०,००० रुपयांची उचल (आगाऊ रक्कम) घेतली आहे आणि "पोरगं दुकानात आहे तोवर वसुलीची घाई नाही," असे मालकांनी त्यांना सांगितले आहे. वडील म्हणतात, शिकून कोणाला नोकऱ्या लागल्यात? आजोबा म्हणतात, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही तुझ्याहून लहान होतो तेव्हा खडी फोडली. आईला मात्र मुलाने कॉलेजात जावे असे वाटते. मुलगा विचारतो: "बारा वर्षांच्या शाळेत शिकलो नाही ते मी तीन महिन्यांत शिकलो. कष्ट कळले, पैशाची किंमत कळली आणि कोणावर विश्वास ठेवायचा नाही हेही कळले. मग कॉलेजात तीन वर्षे कशाला घालवायची? आणि नाही गेलो तर आईला काय सांगू?"

प्रिय मित्रा,

तुझे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण तू जे विचारले आहेस त्यापेक्षा तू ओघात सांगून गेलेल्या दोन-तीन गोष्टी मला अधिक महत्त्वाच्या वाटल्या. त्यांच्याकडे मी येणारच आहे. त्याआधी तुझे पहिले विधान मान्य करतो. तीन महिन्यांत तू पुष्कळ शिकलास, यात शंका नाही. काट्यावरचे वजन, बारदान्याची वजावट, हमाली, तोलाई, भाव आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम हा सगळा हिशेब समोर माणूस उभा असताना, गर्दीत, चुकू न देता करणे ही साधी गोष्ट नाही. वर्गात गणित चुकले तर एक गुण जातो. पट्टीत चुकले तर कोणाच्या तरी घरचा किराणा चुकतो, आणि हे समजल्यावर माणसाचे लक्ष आपोआप जागे होते. पहिल्या कामाचे शिक्षण भराभर होते ते यामुळे. पण महिनाभरात झाडू सोडून पेन हाती आले ते कशामुळे, याचाही विचार कर. तुझ्याबरोबर झाडलोट करणाऱ्या दुसऱ्या एखाद्या मुलाला पट्टी लिहायला दिली नसती. तुला टक्केवारी येते, नावे नीट लिहिता येतात, बेरीज पडताळून पाहता येते, हे मुनिमांनी हेरले. ते तू शाळेतच शिकला होतास. दुकानाने त्याला काम दिले. तेव्हा शाळेची बारा वर्षे आणि आडतीवरचे तीन महिने यांना तू एकमेकांसमोर उभे केले आहेस, ते बरोबर नाही असे मला वाटते.

यापुढचा मुद्दा थोडा अवघड आहे, म्हणून शांतपणे वाच. कोणतेही कामाचे ठिकाण नव्या मुलाला दोन प्रकारच्या गोष्टी शिकवते. काही गोष्टी कुठेही खऱ्या असतात: वेळेवर येणे, मोजल्याशिवाय पैसे न घेणे, थकलेल्या माणसाशी नीट बोलणे, अंगावर घेतलेले काम पुरे करणे. काही गोष्टी मात्र त्या ठिकाणाच्या सोयीच्या असतात आणि तिथे त्या जगाचा नियम असल्यासारख्या सांगितल्या जातात. सतरा-अठराव्या वर्षी या दोन्हींत फरक करणे कठीण जाते, कारण दोन्ही गोष्टी एकाच तोंडून आणि एकाच आवाजात ऐकू येतात. पहिल्या नोकरीतून बाहेर पडताना किंवा तिथेच राहायचे ठरवताना काय जवळ ठेवायचे आणि काय तिथेच सोडून द्यायचे, ही निवड तुला करावी लागेल, आणि तुझ्यासाठी ती दुसरे कोणीही करणार नाही.

पट्टीचाच प्रसंग घे. त्या वयस्कर शेतकऱ्याने तुला पट्टी वाचायला सांगितली आणि तू वाचलीस. ती त्याच्याच मालाची पट्टी होती. त्याच्या घामाचे पैसे कुठे किती कापले गेले हे जाणून घेण्याचा त्याचा हक्क होता, आणि बारदान्याच्या वजनापलीकडे कट्ट्यामागे कडता धरणे ही बाजार समितीच्या नियमांत न बसणारी कपात आहे. त्या दिवशी तू काहीही चुकीचे केले नाहीस. मुनिमांनी तुला जे बजावले ती त्या दुकानाची सोय होती, व्यवहाराचे ज्ञान नव्हे. पत्रात तू या प्रसंगाबद्दल एकही प्रश्न विचारलेला नाहीस, नुसता उल्लेख करून पुढे गेला आहेस. पण तो लिहावासा वाटला, याचा अर्थ तो तुला टोचतो आहे. ते टोचणे बोथट होऊ देऊ नकोस. तुझे वडीलही दरवर्षी माल घेऊन काट्यापाशी उभे राहतात. टेबलाच्या या बाजूला बसून त्या बाजूचा माणूस कसा दिसतो हे तू पाहिलेस, आणि शेतकऱ्याच्या मुलाला एवढ्या लवकर ते दिसणे हा तुझ्या तीन महिन्यांतला सर्वांत मोठा धडा आहे, असे माझे मत आहे.

"कोणावर विश्वास ठेवायचा नाही" या तुझ्या वाक्याशी मी सहमत नाही. ते १,५०० रुपयांच्या घटनेतून आले आहे, हे स्पष्ट दिसते. चूक सिद्ध न होता पगारातून पैसे कापणे हा अन्यायच होता. पण त्यातून सगळ्या माणसांवरचा विश्वास काढून घेतलास तर तुझे नुकसान त्या रकमेपेक्षा कितीतरी मोठे होईल. त्या दिवशी गल्ला किती जणांनी हाताळला? सकाळी तो तुझ्या ताब्यात देताना रक्कम मोजून कोणी लिहिली होती का? संध्याकाळी घेताना तुझ्यासमोर मोजली का? बहुतेक दुकानांत हे होत नाही, आणि तूट पडली की ती सर्वांत लहान माणसाच्या नावावर जाते. म्हणून यापुढे कुठेही काम करशील तिथे ताबा घेताना आणि देताना रक्कम दोघांसमोर मोजावी, एका वहीत लिहावी आणि दोघांनी सही करावी. त्यामुळे विश्वास कमी होत नाही, उलट टिकतो. तुझे आजोबा ज्या दुष्काळी कामांबद्दल सांगतात तिथे मजुरांचा हजेरीपट असे आणि झालेल्या कामाचे माप घेतले जाई. माप कमी धरल्याच्या तक्रारी तिथेही होत. पण भांडायला कागद तरी होता. त्यांना एकदा विचार, हजेरी लागली नाही तर काय व्हायचे. खडी फोडण्याच्या कष्टांइतकेच त्या हजेरीच्या नोंदीला महत्त्व होते, हे ते तुला माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

आजोबांचा तो दाखला मात्र तू तुझ्या निर्णयासाठी वापरू नयेस असे मला वाटते. १९७२ साली मराठवाड्यातल्या हजारो मुलांनी पाझर तलावांवर आणि रस्त्यांवर काम केले, सुकडी खाल्ली, मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी खाल्ल्या, कारण घरात दाणा नव्हता. त्यांच्यापुढे निवड नव्हती. त्यांच्याविषयी मनात आदर असावा, पण त्यांच्यावर जे लादले गेले ते तू आपणहून स्वीकारल्याने तो आदर वाढत नाही. आजही बीड, धाराशिव भागातली कितीतरी मुले दसऱ्यानंतर शाळा सोडून आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांचे पहिले काम आणि तुझे पहिले काम यांत सुट्टीत आपल्या इच्छेने काम करण्याचा फरक आहे. तो फरक टिकवणे तुझ्या हातात आहे.

आणि म्हणूनच उचलीबद्दल मला तुझ्याशी स्पष्ट बोलले पाहिजे. "पोरगं दुकानात आहे तोवर वसुलीची घाई नाही" हे वाक्य मालकांनी कदाचित आपुलकीनेच उच्चारले असेल. आडत्या आणि शेतकरी यांचे नाते पुष्कळदा दोन-दोन पिढ्यांचे असते. लग्नकार्यात, दवाखान्यात रात्री-अपरात्री पैसे देणारा तोच असतो, आणि हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. तरीही त्या वाक्याचा अर्थ तपासून पाहा. तू दुकान सोडलेस तर वसुलीची घाई सुरू होईल, हाही त्याचाच अर्थ होतो. म्हणजे तुझी नोकरी आणि वडिलांचे कर्ज ही दोन खाती एकात मिसळली गेली आहेत. उद्या पगारवाढ मागायची झाली, रविवारी सुट्टी मागायची झाली, पट्टी वाचून दाखवायची झाली, तर तुझ्या तोंडावर ते ४०,००० रुपये येतील. आगाऊ दिलेल्या रकमेपोटी घरातल्या माणसाला कामाला बांधून ठेवण्याच्या प्रथेविरुद्ध आपल्या देशात १९७६ सालापासून वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आहे. तुझ्या मालकांवर मी तसा आरोप करीत नाही. परंतु अशा गोष्टींची सुरुवात पुष्कळदा दमदाटीने होत नाही, गोड बोलण्यानेच होते, एवढे लक्षात असू दे.

वडिलांशी बोलताना या विषयाला हात घालशील तेव्हा त्यांना दोषी ठरवल्यासारखे बोलू नकोस. पेरणीच्या तोंडावर बियाणे-खताला पैसे लागतात आणि आडत्याकडे ते एका शब्दावर मिळतात. बँकेत खेटे घालावे लागतात. त्यांना फक्त एवढे विचार की उचल माल आल्यावर मालाच्या पट्टीतून फिटेल आणि माझा पगार माझ्या खात्यात येईल, असे आपण मालकांना सांगू या का? उचलीचे व्याज किती, आजवर किती फिटले, हे एका कागदावर लिहून घ्या. पुढच्या हंगामासाठी दुसरे मार्गही पाहा. पीक कर्ज मुदतीत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतच्या रकमेवर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. माल निघाल्यावर भाव पडलेला असेल आणि पैशांची नड असेल, तर राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. सोयाबीन, तूर, हरभरा असा माल बाजार समितीमार्फत गोदामात ठेवला तर त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळू शकते. बाजारातल्या दुकानावर तीन महिने बसून या योजनेबद्दल तू काही ऐकलेस का? पत्रात तर तिचा उल्लेख नाही. ती सांगण्याचे दुकानाला कारणच नाही. दुकान तुला उचलीचा हिशेब शिकवील. उचल घ्यावी लागू नये यासाठी काय करता येते, हे तुला दुसरीकडे जाऊन शिकावे लागेल. कॉलेज कशाला, या तुझ्या प्रश्नाला माझे उत्तर इथून सुरू होते.

कायम नोकरीच्या प्रस्तावात तुझा असा समज दिसतो की तीन महिन्यांत एवढे शिकलो तर तीन वर्षांत त्याच्या बारापट शिकेन. तसे बहुधा होत नाही. आडतीवरचे काम मुख्यतः हंगामाभोवती फिरते. दसरा-दिवाळीला सोयाबीन, जानेवारीपासून तूर, मग हरभरा. एक वर्ष सगळे हंगाम पाहिलेस की दुसऱ्या वर्षी तेच काम पुन्हा येते. पगार थोडा वाढेल, शिकणे मंदावेल. पगाराचाही हिशेब तूच करून पाहा, तुला तो येतो. आठवड्याला एक सुट्टी धरली तर महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे १२ तास म्हणजे ३१२ तास होतात. ९,००० रुपयांना भागले तर तासाला २९ रुपयेसुद्धा पडत नाहीत.

शिवाय तुझे अठरावे वर्ष पूर्ण झालेले नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली सुधारणा झाली, आणि त्यानुसार १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामे देता येत नाहीत. इतर आस्थापनांतही सलग तीन तासांनंतर किमान एक तासाची विश्रांती, विश्रांती धरून दिवसाला सहा तासांची मर्यादा, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत कामाला बंदी आणि आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी असे नियम आहेत. नऊ ते नऊ हे त्यात कुठेही बसत नाही. कधी हमाल कमी पडले म्हणून कट्टे उचलायला सांगितले, तर नम्रपणे नाही म्हण. पाठीची दुखणी तरुणपणात जडतात आणि जन्मभर राहतात. हे वाचणाऱ्या इतर मुलांना आणि पालकांना माहीत असावे म्हणून सांगतो, की मुलाला कामावर डांबले जात असेल, मारहाण होत असेल किंवा पगार मिळत नसेल, तर १०९८ या मोफत क्रमांकावर फोन करता येतो आणि जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात तक्रार देता येते.

तुझ्या वडिलांचा मुद्दा मी हलका समजत नाही. पदवी घेऊन पारावर बसलेली मुले त्यांनी गावात पाहिली आहेत, आणि लातूरच्या शिकवण्यांसाठी शेत विकलेली घरेही पाहिली असतील. नुसते नाव नोंदवून, वर्गात न जाता, परीक्षेच्या तोंडावर मार्गदर्शक चाळून मिळवलेल्या बी.कॉम.ने तुझेही भले होणार नाही. पण तुझी गोष्ट वेगळी आहे, कारण तू आता वर्गात प्रश्न घेऊन जाशील. जमाखर्च, कर, करार, सहकार, गोदाम पावती हे शब्द इतरांसाठी पुस्तकातले असतील. तुला ते वाचताना काटा दिसेल, कट्टा दिसेल, तो वयस्कर शेतकरी दिसेल.

मार्ग कॉलेज किंवा आडत एवढे दोनच आहेत असे तू धरून चालला आहेस. वाणिज्य शाखेचे वर्ग अनेक महाविद्यालयांत सकाळच्या सत्रात भरतात. सकाळी वर्ग, दुपारी हंगामाचे तीन-चार तास काम आणि परीक्षेच्या काळात पूर्ण सुट्टी, असे मालकांशी बोलून ठरवता येईल का ते पाहा. तू पट्ट्या बिनचूक लिहितोस, म्हणजे तुझी त्यांनाही गरज आहे. हे ओळखून बोल. ते नाही म्हणाले तर दुसरी दुकाने आहेत, खतांची, किराण्याची, कर सल्लागाराचे कार्यालय आहे, आणि महाविद्यालयातली कमवा व शिका योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे रुजवलेली ही कल्पना आपल्याकडच्या विद्यापीठांतही चालते. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज भर. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते, ते आताच तयार ठेव. घरची अडचण फारच असेल आणि एक वर्ष पूर्ण वेळ काम करणे भागच असेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात प्रवेश घेऊन अभ्यास चालू ठेव. माझ्या मते हा दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय आहे, कारण बारा तास काम करून रात्री अभ्यास करायला फार मोठा निर्धार लागतो. पण शिक्षणाचा धागा पूर्ण तोडण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

मालकांशी बोलायला एकटा जाऊ नकोस, वडिलांना बरोबर घे. आधी त्यांचे आभार मान, कारण शिकवले त्यांनीच. मग कामाचे तास, पगार, सुट्टी आणि पगार खात्यात जमा करण्याची गोष्ट मांड. उचलीचा हिशेब वेगळा राहावा असे वडिलांनी स्वतः सांगितले तर उत्तम. १,५०० रुपयांचा विषयही काढ, पण आवाज न चढवता: "त्या दिवशी गल्ला कोणाकोणाकडे होता हे बघून पुन्हा ठरवाल का?" पैसे परत मिळतील असे मी म्हणत नाही. परंतु आपले म्हणणे एकदा नीट मांडलेला मुलगा आणि मनात ठेवून कुढणारा मुलगा यांना मालक पुढे वेगवेगळे वागवतात. पट्टीबद्दल मात्र वाद घालायला जाऊ नकोस. कोणी शेतकऱ्याने विचारले तर मी वाचून दाखवीन, एवढे मुनिमांना आधीच सांगून ठेव. ते त्यांना चालत नसेल तर ते दुकान तुझ्यासाठी नाही, मग पगार कितीही असो.

ज्या आडत्यांच्या, दुकानदारांच्या हाती हे सदर पडेल त्यांनाही माझी एक विनंती आहे. सुट्टीत कामाला येणारे मूल तुमच्याकडे पगाराबरोबर व्यवहार म्हणजे काय याची पहिली समजूत घेऊन जाते. त्याच्या पगारातून काही कापण्याआधी त्याच्यासमोर हिशेब मांडा.

आता आईचे. तिला काय सांगू, असे तू विचारतोस. मला वाटते, तिला सांगण्याआधी काही विचारावे. तू दिवसभर दुकानात असताना ती काय काय सांभाळत होती, आणि तुझा पगार घरात कुठे खर्च झाला, हे तिला विचार. तीन महिन्यांचे १८,००० रुपये आणि त्यातून कापलेले दीड हजार, हा हिशेब तिच्याबरोबर बसून एका कागदावर लिही, आणि त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा खर्च लिही: प्रवेश शुल्क, बसचा पास, पुस्तके. दुपारच्या कामातून त्यातले किती भागते ते दोघांनी पाहा. तो कागद घेऊन वडिलांशी बोला, आणि हे सगळे प्रवेशाची मुदत संपायच्या आत करा.